रायगडाचा नगारखाना आणि त्याचें हरपलेलें संगीत

कांहीं वास्तु राहण्यासाठीं बांधतात, कांहीं पूजेसाठीं बांधतात, आणि थोड्या वास्तु अशा असतात कीं, त्यांतून निघालेला नाद दूरवर ऐकूं जावा एवढ्यासाठींच त्या उभारलेल्या असतात. नगारखाना ही ह्या शेवटच्या प्रकारांतील वास्तु होय. खालीं दरवाजा, दरवाजावर मजला, आणि त्या मजल्यावर नगारे व सनया. धनी दृष्टीस पडण्यापूर्वींच तो आहे हें कानांना कळावें, अशी ही योजना. महाराष्ट्रांतील नगारखान्यांत रायगडाच्या नगारखान्याइतका मानाचा दुसरा नाहीं. तो अद्यापि उभा आहे. मात्र ज्या नौबतीसाठीं तो बांधला, ती १६८९ सालीं थांबली. त्या थांबलेल्या नौबतीची जागा पुढें शाहिरांनीं शब्दानें, संगीतकारांनीं स्वरानें, आणि अगदीं अलीकडे रंगभूमीच्या कलावंतांनीं प्रकाश, ध्वनि व दृश्य ह्यांच्या मिलाफानें भरून काढण्याचा प्रयत्न केला. एका वास्तूपासून संगीतकृति कशी जन्मते, आणि तिनें त्या वास्तूशीं कितपत इमान राखावें, हा प्रश्न त्या प्रयत्नांत दडलेला आहे.

माणगांवाहून पाहिलें तर रायगड जवळ जवळ सरळ पूर्वेस येतो. सरळ रेषेंत मोजलें तर मधलें अंतर सुमारें १७ किलोमीटरच भरेल. पण डोंगरांची रांग आणि खोरीं आडवीं असल्यामुळें रस्ता वळसे घेत घेत जातो. गडाच्या पायथ्याशीं काळ आणि गांधारी ह्या नद्यांचीं खोरीं आहेत. पूर्वी ह्या मुलखास कुलाबा जिल्हा म्हणत; १९८१ सालीं जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें, आणि एका गडाचें नांव समुद्रकांठापासून सह्याद्रीपर्यंतच्या साऱ्या प्रांतास लागलें. आज मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे ह्या दोहोंमुळें माणगांव हें गडाकडे वळणाऱ्यांचें एक सोयीचें ठाणें झालें आहे. १९९६ पासून गडावर दोरवाटेचा पाळणाहि चालूं आहे. एके काळीं घोड्यांनाहि अवघड असलेली चढण आतां कांहीं मिनिटांत संपते.

गडाचें जुनें नांव रायरी. जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव केल्यावर १६५६ सालीं तो शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आला. समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंचीचा, चहूंबाजूंनीं तुटलेल्या कड्यांचा हा डोंगर पुढें महाराजांनीं राजधानीसाठीं निवडला. बांधकाम हिरोजी इंदुलकर ह्यांनीं केलें. जगदीश्वराच्या मंदिरापाशीं त्यांनीं बसविलेला संस्कृत शिलालेख आज आहे. त्यांत विहिरी, तळीं, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजवाडे ह्यांची गणना केलेली असून शके १५९६, आनंदनाम संवत्सर, असा काळ दिला आहे. मंदिराच्या पायरीशीं मात्र ह्या थोर कारागिरानें स्वतःविषयीं अवघे मोजके शब्द कोरून आपल्या सेवेची नोंद ठेवली. एवढी मोठी राजधानी उभारणाऱ्यानें स्वतःसाठीं पायरीचा दगड निवडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्याच राजधानींत राजसभा आणि तिच्या समोर नगारखाना आहे. राजसभेची लांबी २२० फूट आणि रुंदी १२४ फूट सांगतात. सिंहासन पूर्वाभिमुख होतें, आणि त्याच्या समोर सभेच्या दुसऱ्या टोकास नगारखान्याचा उंच दरवाजा. नगारखान्याशीं उभें राहून कोणी हलक्या आवाजांत बोलला, तरी सिंहासनाच्या जागीं तें स्पष्ट ऐकूं येतें, असा अनुभव गडावर जाणारे लोक पिढ्यानुपिढ्या सांगत आले आहेत. नाद आणि नजर ह्या दोहोंच्या दृष्टीनें ही सभा किती विचारपूर्वक आंखली होती, ह्याची साक्ष एका परकीयानें दिली आहे. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. तो सभेंत आला तेव्हां महाराज उच्च सिंहासनावर बसलेले होते. त्यानें दुरूनच लवून मुजरा केला, आणि नारायण शेणवी ह्या दुभाष्यानें नजर करावयाची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचें लक्ष तत्काळ गेलें आणि त्यांनीं त्यांस पुढें, सिंहासनाच्या पायरीपर्यंत, बोलाविलें. परत जातांना ह्या वकिलास दरवाजापाशीं दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे दोन घोडे उभे दिसले, आणि एवढ्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणलीं तरी कशीं, ह्याचें त्यास मोठें नवल वाटलें. ह्या हकीकतींत त्या सभेचा सारा आराखडा येऊन जातो: दूर दरवाजा, मध्यें मोकळें अंतर, आणि त्या अंतराच्या पलीकडे एक सिंहासन. असें अंतर एखाद्या वाद्याच्या पोकळीसारखें असतें. त्यावांचून नाद घुमत नाहीं.

आतां त्या वाद्यांकडे वळूं. नगारा हा शब्द मूळ अरबी. नौबत हाहि तिकडचाच, आणि त्याचा मूळ अर्थ पाळी किंवा वेळ असा आहे. ठरलेल्या प्रहरीं वाजे म्हणून ती नौबत. मराठींत एखाद्यावर नौबत आली असें म्हणतात, तेथेंहि तोच ठरलेल्या घटकेचा अर्थ लपलेला आहे. मोंगल दरबारच्या नौबतीचा तपशील अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत नोंदून ठेवला आहे. अठरा जोड्या दमामे, वीस जोड्या नगारे, एकाच वेळीं फुंकल्या जाणाऱ्या नऊ सुरण्या, निदान चार कर्णे, दोन शिंगें, तीन जोड्या झांजा, असा तो सरंजाम होता. वाजविण्याच्या वेळा ठरलेल्या असत, आणि एका वादनांत क्रमानें येणारे निरनिराळे भाग असत. म्हणजे नौबत ही एक पद्धतशीर रचना होती. तिला आरंभ होता, विस्तार होता आणि समाप्ति होती. मराठी राज्यांतहि ही गोष्ट हौसेवर सोडलेली नव्हती. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांत, खजिना, तोफखाना, अंबारखाना ह्यांच्या पंक्तीस, नगारखान्याचीहि गणना होत असे. नाद हें राज्याचें एक खातें होतें.

गडावरचें सारें जीवनच नादानें बांधलेलें असे. हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. पायथ्याच्या वाळुसरे गांवची ही गवळण दूध घालण्यास गडावर आली, सायंकाळची तोफ झाली, दरवाजे बंद झाले, आणि घरीं राहिलेल्या तान्ह्या बाळासाठीं ती अंधारांत कडा उतरून गेली. ह्या कथेचें ऐतिहासिक मोल कांहींहि असो. तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट खरी आहे. तोफेचा एक आवाज म्हणजे दिवस संपला. त्या आवाजानंतर आई असो कीं सरदार असो, दरवाजा उघडत नसे. गडाच्या कायद्याची भाषा ही अशी कानांना कळणारी होती. २०१९ सालीं ह्याच कथेवर मराठींत संगीतमय चित्रपट निघाला. तेव्हां शेंकडों वर्षांपूर्वीं मिटलेला एक दरवाजा पुन्हां गाण्याचा विषय झाला.

३ एप्रिल १६८० रोजीं महाराजांचें रायगडावरच देहावसान झालें. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत, १६८९ च्या नोव्हेंबरांत, गड मोंगलांच्या हातीं पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहूराजे बंदिवासांत गेले. गडाचें नांव बदलून इस्लामगड झालें. १७३३ सालीं तो मराठ्यांनीं परत मिळविला, पण राजधानी तोंवर साताऱ्यास गेली होती. १८१८ सालीं इंग्रजांनीं गडावर तोफा डागल्या, गोळ्यांनीं वाड्यांस आग लागली, आणि १० मे रोजीं गड त्यांच्या स्वाधीन झाला. लाकूडकाम जळालें, चौथरे आणि भिंती उरल्या. १८८३ सालीं जेम्स डग्लस ह्या इंग्रज लेखकानें आपल्या मुंबईवरील ग्रंथांत समाधीच्या दुर्दशेविषयीं लिहिलें. तें वाचून अनेक मराठी माणसांस लाज वाटली. नौबत तर दूरच राहिली, पण दिवा लावावयासहि तेथें कोणी नव्हतें.

परंतु वास्तु मुकी झाली म्हणून तिचें गाणें थांबलें नाहीं. तें गडावरून उतरून गांवांत आलें. पोवाडा ह्या काव्यप्रकाराचा जन्मच जणूं किल्ल्यांच्या सावलींत झाला. अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा पोवाडा आणि तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडविजयावरील तुळसीदासाचा पोवाडा हे त्यांतील जुने व प्रसिद्ध होत. एकाची पार्श्वभूमि प्रतापगड, दुसऱ्याची सिंहगड. शाहिराजवळ साधनें थोडीं: हातांत डफ, साथीस तुणतुणें आणि झांज, मागें दोन-चार झीलकरी. पण एवढ्यावर तो श्रोत्यांपुढें कडा उभा करी, दरवाजा उघडी, अंधार पाडी आणि मशाली पेटवी. आज ज्यास अनेक माध्यमांची एकत्र कलाकृति म्हणतात, तिचें बीज ह्या एका माणसाच्या अंगविक्षेपांत, आवाजांत आणि डफाच्या थापेंत होतें. १८६९ सालीं जोतीराव फुल्यांनीं शिवाजीमहाराजांवर स्वतंत्र पोवाडा रचून प्रसिद्ध केला आणि ह्या जुन्या साच्यांत नवा सामाजिक विचार ओतला. १८९१ सालीं शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ ह्यांनीं गांवोगांवचे पोवाडे गोळा करून छापले, आणि तोंडीं असलेलें धन कागदावर आलें. १८९६ च्या एप्रिलांत लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें रायगडावर उत्सव झाला. शतकांच्या खंडानंतर गडावर पुन्हां जनसमुदायाचा घोष उठला. पुढच्या पिढींत विनायक दामोदर सावरकर ह्यांनीं सिंहगडावर पोवाडा लिहिला, आणि परक्या सरकारानें त्यावर बंदी घातली. दगडांना न भिणारें सरकार त्या दगडांवरच्या गाण्यास भ्यालें!

नादाच्या जोडीस दृश्य आलें तें विसाव्या शतकांत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर ह्यांनीं हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीवरून १९२३ सालीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीचा हल्ला दाखवावयाचा तर सूर्यप्रकाश कामाचा नाहीं. म्हणून त्यांनीं विजेच्या दिव्यांवर चित्रण केलें, आणि तें हिंदुस्थानांतील अशा चित्रणाच्या आरंभींच्या प्रयत्नांपैकीं एक ठरलें. किल्ला अंधारांतून प्रकाशानें कोरून काढतां येतो, हें मराठी कलावंतास तेव्हांच उमगलें होतें. जी गोष्ट ऐतिहासिक वास्तूच्या साक्षात् भिंतींवर घडविण्याची कल्पना, ती पुढें युरोपांत निघाली. १९५२ सालीं फ्रान्समधील शांबोर येथील राजप्रासादावर पॉल रोबेर-उदँ ह्यांनीं पहिला ध्वनिप्रकाशाचा खेळ योजिला. नट नाहींत, रंगमंच नाहीं. रात्र, जुन्या भिंती, त्यांवर फिरणारा प्रकाश, आणि ध्वनिक्षेपकांतून येणारे संगीत व निवेदन, एवढीच सामग्री. १९६५ सालीं दिल्लीच्या लाल किल्ल्यांत हा प्रकार आला, आणि पुढें पुण्याच्या शनिवारवाड्यानेंहि तो पाहिला.

महाराष्ट्रांत ह्या सुमारास आणखी एक परंपरा तयार होत होती, आणि तिचें श्रेय आकाशवाणीकडे जातें. पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झालें. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचें संगीत. एकूण ५६ गीतें. एक सलग कथा स्वतंत्र गीतांच्या माळेंतून सांगतां येते, आणि तीं गीतें घराघरांतील माणसें ठरलेल्या वेळीं कान देऊन ऐकतात, हें त्यानें सिद्ध केलें. ठरलेल्या वेळीं वाजणारा नाद म्हणजे नौबत, असा जर त्या शब्दाचा अर्थ असेल, तर त्या वर्षीं मराठी घरांत एक नवी नौबत झडत होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

राज्याभिषेकास तीनशें वर्षें झालीं त्या १९७४ सालीं हृदयनाथ मंगेशकर ह्यांनीं ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिची योजना मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. एकाच कवीची गाणीं न घेतां संगीतकारानें समर्थ रामदास, हिंदीचे कविराज भूषण, सावरकर, कुसुमाग्रज आणि शंकर वैद्य अशा निरनिराळ्या काळांतील कवींच्या रचना एकत्र आणल्या; लता मंगेशकर ह्यांचा स्वर त्यांतून एकसूत्र फिरविला; आणि गीतांच्या मधल्या जागीं बाबासाहेब पुरंदरे ह्यांचें निवेदन ठेविलें. म्हणजे तीन शतकांनीं एका पुरुषाविषयीं जें म्हटलें, तें एका बैठकींत ऐकूं यावें. रायगड बांधतांना निरनिराळ्या खाणींचे दगड एका भिंतींत बसविले गेले असतील. ही रचना त्याच जातीची. तींत गडाचें दृश्य नाहीं, परंतु ऐकणारास गड दिसतो.

दृश्याची बाजू पुरंदरे ह्यांनींच पुढें उचलली. १९८५ सालीं त्यांचें ‘जाणता राजा’ हें महानाट्य रंगभूमीवर आलें. दुर्गाच्या आकाराचें प्रचंड नेपथ्य, शंभरांहून अधिक कलावंत, खरे घोडे, उंट आणि हत्ती, पोवाडे, भारुडें, गोंधळ, लावणी, आणि शेवटीं राज्याभिषेकाचा सोहळा. संवाद आणि संगीत आधीं मुद्रित केलेलें असे, आणि कलावंत त्या मुद्रित ध्वनीवर अभिनय करीत. मोठ्या मैदानांत हजारों प्रेक्षकांना प्रत्येक शब्द ऐकूं जावा, ह्यासाठीं हा मार्ग पत्करला होता. ह्या महानाट्याचे हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९२२ सालीं जन्मलेले पुरंदरे १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं निवर्तले. त्यांच्या इतिहासलेखनाविषयीं विद्वानांत तीव्र मतभेद आहेत, आणि ते दडवून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांनीं रायगड कधीं चढला नव्हता अशा लक्षावधि लोकांना राजसभेंत नेऊन बसविण्याचें कार्य ह्या प्रयोगानें केलें, हें उघड आहे.

बाहेरच्या जगांत वास्तूंवर संगीत रचण्याची चाल जुनीच आहे. इटलींतील फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा घुमट ब्रुनेलेस्कीनें उभारला, आणि २५ मार्च १४३६ रोजीं त्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. त्या प्रसंगासाठीं गियोम द्यूफे ह्या संगीतकारानें एक धर्मगीत रचलें. त्याच्या चार भागांतील लयीचें प्रमाण ६, ४, २, ३ असें आहे. हीं प्रमाणें त्या मंदिराच्याच मोजमापांवरून घेतलीं आहेत, असें १९७३ सालीं चार्ल्स वॉरेन ह्यांनीं प्रतिपादन केलें. नव्हे, तीं पवित्र ग्रंथांत वर्णिलेल्या सॉलोमनच्या मंदिराचीं आहेत, असें १९९४ सालीं क्रेग राइट ह्यांनीं उत्तर दिलें. वाद कोणीहि जिंको, एक गोष्ट दोघांसहि मान्य आहे: संगीतकारानें वास्तूची नुसती स्तुति केली नाहीं, तिचें मोजमाप स्वरांत उतरविलें. दुसरें उदाहरण अगदीं उलट आहे. १९५८ च्या ब्रसेल्स येथील जागतिक प्रदर्शनांत ल कॉर्ब्यूझिए ह्यांच्या देखरेखीखालीं झेनाकिस ह्यांनीं एक वक्राकार मंडप बांधला. त्याच्या आंतील भिंतींवर शेंकडों ध्वनिक्षेपक बसवून एडगार व्हारेझ ह्यांची सुमारें आठ मिनिटांची विद्युत्-संगीतरचना चित्रें आणि रंगीत प्रकाश ह्यांसह ऐकविली जाई. प्रदर्शन संपलें, १९५९ च्या आरंभीं मंडप पाडला गेला, आणि संगीत तेवढें उरलें. ब्रसेल्सला वास्तु गेली आणि नाद राहिला. रायगडीं नाद गेला आणि वास्तु राहिली. म्हणूनच रायगडावर रचना करणाराचें काम अधिक अवघड आहे.

अवघड कां, तें थोडें उलगडून पाहिलें पाहिजे. वास्तूंतील नादाचें शास्त्र १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबाइन ह्यांनीं प्रयोगांनीं सिद्ध केलें, आणि १९०० सालीं उघडलेलें बॉस्टनचें संगीतगृह त्याच नियमांवर उभारलें गेलें. त्याचा सारांश असा कीं, आवाज किती वेळ घुमत राहील हें त्या जागेच्या आकारमानावर आणि तेथील पृष्ठभाग किती नाद शोषून घेतो ह्यावर अवलंबून असतें. दगड नाद परत फेकतो. कापड, गालिचे आणि माणसांची गर्दी तो गिळून टाकते. विजापूरच्या गोलघुमटांत कुजबूज घुमटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाते आणि एका टाळीचे अनेक प्रतिध्वनि उठतात, ह्याचें कारण तो प्रचंड घुमट आणि त्याची गुळगुळीत, रिकामी पोकळी. तो बांधविणारा महंमद आदिलशहा वारला तें सालहि १६५६ च, म्हणजे महाराजांनीं रायरी घेतली तेंच. एक नाद तेथें कबरीवर कोंडून राहिला, आणि दुसरा येथें सिंहासनासमोर मोकळा सुटणार होता.

रायगडाच्या राजसभेचें गणित साधें आहे. हवेंत ध्वनि एका सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. म्हणजे २२० फुटांस सेकंदाचा एक पंचमांश लागतो, आणि भिंतीवर आपटून परत यावयास आणखी तेवढाच. नगाऱ्याची द्रुत लय वाजविली, तर पहिल्या टिपरीचा प्रतिध्वनि पुढच्या टिपरींत मिसळून गोंधळ होईल. विलंबित लय ठेविली, तर प्रत्येक आघात स्वच्छ सुटा ऐकूं येईल. हें झालें आजच्या उजाड सभेचें. पण १६७४ च्या त्या प्रातःकालीं ही सभा उजाड नव्हती. तेथें माणसें दाटीनें उभीं होतीं, वस्त्रें होतीं, बैठकी होत्या. भोंवतालच्या वाड्यांस लाकूडकाम होतें. आज गडावर जो प्रतिध्वनि ऐकून पाहुणे हरखून जातात, तो राजदरबाराचा नाद नसून १८१८ च्या आगीनंतर उरलेल्या भग्नावशेषाचा नाद आहे. संगीतकारापुढें खरा प्रश्न हा आहे कीं, त्यानें कोणाचें गाणें रचावें: त्या भरलेल्या दरबाराचें, कीं ह्या ओसाड दगडांचें? पहिलें रचावें तर पुष्कळसें कल्पनेनें भरावें लागतें. दुसरें रचावें तर वैभव दिसत नाहीं. ज्या रचना वैभवाकडेच धांवतात, त्यांत गडावर लोटलेलीं हीं तीन शतकें कोठेंच ऐकूं येत नाहींत. आणि तीं गाळलीं तर रायगड हा कापडावर रंगविलेला पडदा होतो.

दुसरा धोका मोठ्या आवाजाचा. आतां दरवर्षीं ६ जूनला आणि तिथीप्रमाणें ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस गडावर राज्याभिषेकाचा सोहळा होतो. ढोलताशांचीं पथकें येतात, हजारों लोक जमतात. ही भक्ति खरी आहे. परंतु नगाऱ्याची घाई तिथें टिमकीचें काय, ही म्हण आपल्या लोकांनींच केली आहे, आणि विजेच्या ध्वनिक्षेपकापुढें तर नगाराच टिमकी ठरतो. ज्या सभेची कीर्ति हलका शब्द दूर पोहोंचविण्यांत आहे, तेथें कानठळ्या बसविणारा आवाज करणें म्हणजे त्या सभेचा गुण न ओळखणें होय. जुलै २०२५ मध्यें रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. ह्या मानामुळें गडावर प्रकाश, ध्वनि आणि चित्रें ह्यांचे प्रयोग करण्याची हौस वाढेल. तशीच जबाबदारीहि वाढली आहे.

रायगडाच्या नौबतीचे बोल कोणीं कागदावर उतरविलेले नाहींत. पण ते सर्वस्वीं नाहींसे झाले असें समजण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांतील देवळांच्या नगारखान्यांत सनई-चौघडा वाजविणारीं गुरव आणि घडशी घराणीं पिढ्यानुपिढ्या तेंच काम करीत आलीं आहेत. राजाचा नगारखाना मिटला तरी देवाचा उघडा राहिला, आणि नौबतीची रीत त्याच्या आश्रयानें टिकली. माणगांव, महाड, पोलादपूर ह्या मुलखांत शिमग्याला पालखी निघते, लग्नाला वऱ्हाड निघतें, तेव्हां खालूबाजा वाजतो. ढोल, टिमकी आणि सनई. हे वादक गडाच्या पायथ्याचे. त्यांच्या सनईचा स्वर ह्याच डोंगरांना आपटून परत येतो, आणि तो कसा परत येतो हें त्यांना पुस्तकावांचून कळतें. पण अशीं घराणीं विरळ होत आहेत. इनामें गेलीं, मुलें शहरांत गेलीं, आणि लग्नाच्या मांडवांत मुद्रित संगीत आलें. दगडांचें रक्षण करण्यास सरकारचें खातें आहे. एखाद्या वादकाच्या बोटांत असलेलें ज्ञान जपण्यास तसें खातें नाहीं. तो वादक गेला म्हणजे नगारखान्याचा उरलेला निम्मा भाग कोसळतो, आणि त्याची जीर्णोद्धाराची यादी कोणी करीत नाहीं.

म्हणून रायगडावर नवी संगीतकृति रचूं इच्छिणाऱ्यानें आरंभ यंत्रांपासून न करतां ह्या माणसांपासून करावा. प्रथम त्यांचें वादन साग्र मुद्रित करून घ्यावें: कोणत्या प्रहरीं काय वाजतें, कोठें लय चढते, कोठें सनई थांबते आणि नुसता सूर राहतो. नंतर राजसभेंत, गर्दी नसतांना, एकच नगारा आणि एकच सनई वाजवून ती जागा काय परत देते तें ऐकावें. प्रकाश टाकावयाचा तर नगारखान्याच्या कमानीवर टाकावा आणि सिंहासनाची जागा अंधारांत असूं द्यावी. जें उरलेलें नाहीं तें उरलेलें नाहीं, हेंहि प्रेक्षकास कळलें पाहिजे. निवेदन असेल तर त्यांत १६७४ इतकेंच १६८९ आणि १८१८ असावें. हिरोजींच्या पायरीच्या दगडाचा उल्लेख असावा, आणि हिरकणीचाहि. कारण राजधानी केवळ राजानें होत नाहीं. रचनेच्या शेवटीं तोफेचा एक बार व्हावा आणि त्यानंतर कांहीं काळ सर्व वाद्यें बंद असावीं. गडावर वारा असतोच.

अशी कृति होईल तेव्हां तींत पायथ्याच्या गांवचा एखादा सनईवाला पुढें बसलेला असावा, आणि बिदागीच्या कागदावर त्याचें नांव संगीतकाराच्या नांवाच्या शेजारीं लिहिलेलें असावें. हिरोजींनीं स्वतःचें नांव पायरीवर कोरून ठेविलें म्हणून तें आज माहीत आहे. नगारखान्यांत वाजविणारांपैकीं एकाचेंहि नांव कोठें कोरलेलें नाहीं.